दारू सुटल्यानंतरचे नैराश्य: थांबायचे किती, उपचार कधी?

दारू सोडलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: किती दिवस झाले? घरचे विचारतात, फॉलोअपला गेल्यावर समुपदेशक विचारतो, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगमध्ये वर्षपूर्तीला त्याच आकड्यावर टाळ्या वाजतात. प्रश्न चुकीचा नाही. ज्याची सकाळ क्वार्टरशिवाय सुरू होत नव्हती, त्याने न पिता काढलेला एकेक दिवस ही मोठीच कमाई असते. पण दिवसांच्या या हिशेबात मनाचा रकाना नसतो. दारू सुटून दोन वर्षे झालेला माणूस नियमित कामावर जातो, पतपेढीचे कर्ज फेडत आणतो, संध्याकाळी सातला घरी येऊन टीव्हीसमोर बसतो, जेवणापुरते बोलतो, रात्री तीनला जागा होतो तो उजाडेपर्यंत छताकडे पाहत पडून राहतो. कशातच राम वाटत नाही, असे त्याने बोलून दाखवले, तर ‘आता तुला काय कमी आहे?’ असा उलट प्रश्न येतो. या अवस्थेबद्दल आता पुरेसा पुरावा हाती आहे आणि त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येतो. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातले नैराश्य बहुतेक वेळा लक्ष ठेवून थांबण्याजोगे असते. महिन्यानंतरही टिकलेले किंवा काही वर्षांनी नव्याने आलेले नैराश्य मात्र स्वतंत्र आजार समजून त्यावर उपचार करावे लागतात. आणि यातले कोणते कोणाच्या वाट्याला आले आहे हे कळायचे, तर मनाची चौकशी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.

आधी या प्रश्नाचा आवाका पाहू. दिल्लीच्या ‘एम्स’ने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांतल्या सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूमुळे त्रास आहे आणि सुमारे २.९ कोटी पुरते दारूवर अवलंबून आहेत. अशा अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसली ना कसली मदत मिळाली होती. दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस तर १८०मध्ये एक. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६मध्ये केलेल्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे चित्रही असेच आहे: दारूचा विकार आणि नैराश्य, दोन्हींत दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. या चाळणीतून पार होऊन ज्याने दारू सोडली आणि वर्ष-दोन वर्षे टिकवली, तो माणूस आधीच दुर्मीळ आहे. त्याला केवळ नैराश्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गमावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

‘थांबा, आपोआप जाईल’ हा सल्ला मात्र निराधार नाही. अमेरिकेत सँड्रा ब्राऊन आणि मार्क शुकिट यांनी १९८८मध्ये १९१ पुरुष रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाखल होताना त्यांतल्या ४२ टक्के रुग्णांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणे होती. चार आठवडे दारूविना गेल्यावर ती फक्त ६ टक्क्यांमध्ये उरली, तीही नैराश्यावर वेगळे औषध न देता. याचे कारण समजण्यासारखे आहे. दारू स्वतःच मेंदूला मंद करणारा पदार्थ आहे. रोज ती पोटात जात राहिली की मेंदू स्वतःचा समतोल तिच्या भोवती बेततो: शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेचा जोर कमी होतो, उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा वाढतो. दारू अचानक थांबली की हा तोल काही काळ पूर्ण ढळतो. थरथर, घाम, धास्ती, रडू, निराशा हे सगळे त्या काळात एकत्र येते. अशा वेळी तिसऱ्या दिवशीच ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असा शिक्का मारणे घाईचे ठरते. हार्वर्डचे जॉर्ज व्हेलंट यांनी शेकडो माणसांचा कित्येक दशके पाठपुरावा करून हेच बजावले होते, की पिणाऱ्याचे दुःख बरेचदा दारूचे कारण नसून तिचा परिणाम असतो. पाच वर्षे दारू पूर्ण बंद राहिली की पुन्हा पिण्याकडे वळणारे विरळ, असेही त्यांच्या पाहणीत दिसले. व्यसनमुक्ती क्षेत्रात ‘आधी दारू, मग बाकीचे’ हा जो शिरस्ता पडला, त्याच्या मुळाशी असे भक्कम काम आहे.

घोटाळा होतो तो या शिरस्त्यातला ‘मग’ कधी उगवतच नाही तेव्हा. शुकिट यांच्याच गटाने १९९७मध्ये २,९४५ रुग्णांचा मोठा अभ्यास मांडला. त्यात २६.४ टक्के रुग्णांना दारूमुळे उद्भवलेले नैराश्य होऊन गेले होते; पण १५.२ टक्के असे होते, की त्यांचे नैराश्य दारूच्या आधीपासून किंवा दारू बंद असतानाच्या दीर्घ काळात आलेले होते. म्हणजे साधारण सातातल्या एकाचा आजार दारूच्या सावलीत नव्हताच. शिवाय हे दोन कप्पे वाटतात तितके पक्के नाहीत. ‘दारूमुळे आलेले’ असे निदान झालेल्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलेल्या एका अभ्यासात सुमारे चौथ्या हिश्शाचे निदान पुढे बदलावे लागले, कारण दारू थांबूनही नैराश्य हटले नाही. सर्वांत निर्णायक पुरावा डेबोरा हॅसिन आणि ब्रिजेट ग्रँट यांचा आहे. २००२मध्ये त्यांनी ६,०५० माजी मद्यपींची माहिती तपासली. यांतल्या कोणीही गेल्या वर्षभरात दारू घेतलेली नव्हती, त्यामुळे नशा किंवा विथड्रॉवल (दारू थांबल्यावरचा त्रास) यांवर बोट ठेवायला जागाच नव्हती. तरीही ज्यांना पूर्वी दारूचे व्यसन होते, त्यांना सध्या नैराश्य असण्याची शक्यता व्यसन नसलेल्या माजी मद्यपींपेक्षा चौपटीहून जास्त आढळली. पहिल्या महिन्यात निवळणारे नैराश्य आणि वर्षांनंतर भेटणारे नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला लावणे ही या विषयातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे.

इतक्या काळानंतर हे नैराश्य येते कुठून? एक वाट मेंदूतून जाते. नोरा व्होल्को यांच्या गटाने केलेल्या मेंदूच्या चित्रणांत दारू सोडून चार महिने झाले, तरी डोपामिन या रसायनाचे ग्राही (रिसेप्टर) पूर्ववत झालेले दिसले नाहीत. साध्या सुखांना दाद देणारी यंत्रणा क्षीण झालेली असते. नातवाचे बोबडे बोल, आवडीची भाजी, जुने गाणे यांतून जे मिळायला हवे ते मिळत नाही. जॉर्ज कूब यांनी याची दुसरी बाजू दाखवली आहे. दीर्घ व्यसनाने मेंदूतली तणावाची यंत्रणा कायमची ताणलेली राहते आणि दारू सुटल्यावरही किरकोळ खटक्यावर ती भडकते. झोपेचा हिशेब तर आणखी लांबतो. काही रुग्णांची झोप २७ महिन्यांपर्यंत तपासली गेली आणि तेव्हाही ती पूर्ण सुधारलेली नव्हती. ज्यांची झोप अधिक बिघडलेली, ते पुन्हा पिण्याकडे वळण्याची शक्यताही अधिक होती. याला शरीराची जोड असते. यकृत कमजोर, ब जीवनसत्त्वांची कमतरता, रक्तक्षय, थायरॉइडची गडबड या सगळ्यांची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात आणि साध्या रक्ततपासणीत पकडता येतात. ‘दारू सोडलीस ना, मग आता सगळे ठीक’ हे वाक्य मेंदूला आणि शरीराला ठाऊक नसते.

दुसरी वाट जगण्यातून जाते आणि माझ्या मते ती जास्त दुर्लक्षित आहे. दारू पिणाऱ्याला वर्षानुवर्षे बऱ्याच गोष्टी जाणवत नाहीत, कारण जाणवू नयेत म्हणूनच तो पीत असतो. शुद्धीवर आल्यावर सगळी थकबाकी एकदम पुढ्यात येते: विकलेली जमीन, मोडलेल्या एफडी, अंगावर टाकलेला हात, मुलीच्या लग्नात घातलेला गोंधळ, हुकलेली बढती. सोबत जिवलगही जातात. गुत्त्यावरची किंवा बारमधली मंडळी कशीही असली, तरी संध्याकाळी वाट पाहणारी तीच होती. घर तर त्याच्याविना चालायला शिकलेले असते. पत्नीने पगार, बँक, मुलांची शाळा, पाहुणेरावळे सगळे हाती घेतलेले असते. दारू सुटली म्हणून ती सूत्रे लगेच परत मिळत नाहीत आणि मिळावीत असा हट्टही रास्त नसतो. त्यात एक अवघड गोष्ट घडते. तो पीत होता तोवर तिने गिळलेला राग तो सुधारल्यावर बाहेर येतो, कारण आता कुठे बोलणे तिला सुरक्षित वाटते. त्याला वाटते, एवढे करूनही शिक्षाच. तिला वाटते, इतकी वर्षे माझे काय झाले हे अजून कोणी विचारले नाही. अमेरिकेत व्यसनातून बाहेर पडलेल्या २,००२ लोकांच्या पाहणीत जॉन केली आणि सहकाऱ्यांना (२०१८) हाच चढउतार आकड्यांत दिसला. आयुष्याची एकूण प्रत वर्षांगणिक सुधारत जाते, पण पहिल्या वर्षात आनंद आणि स्वतःबद्दलचा आदर आधी खाली येतात, मग वर चढतात. हा उतार अपेक्षित आहे, हे आधी सांगितलेले असेल तर माणूस तो निभावतो. सांगितलेले नसेल तर त्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकते आहे. बाईला व्यसन असेल तर हे ओझे दुप्पट होते. २०१९च्या सर्वेक्षणात पुरुषांतले पिण्याचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांतले १.६ टक्के निघाले. प्रमाण कमी असल्यानेच तिची लाज मोठी, आणि स्त्रियांमध्ये दारूच्या आधीपासून नैराश्य असण्याची शक्यताही पुरुषांपेक्षा जास्त असते.

हे दुःख सोसून काढावे, त्यात औषधापाण्याचा प्रश्न कुठे आला, असे कोणी म्हणेल. उत्तर परिणामांत आहे. शेली ग्रीनफील्ड यांनी दाखल झालेल्या १०१ रुग्णांचा पाठपुरावा १९९८मध्ये प्रसिद्ध केला. दाखल होतेवेळी ज्यांना नैराश्याचे निदान झाले होते, ते पहिल्या पेल्यापर्यंत आणि पुढे पूर्ण घसरणीपर्यंत इतरांपेक्षा लवकर पोहोचले. दुसरा परिणाम याहून वाईट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात होत्या. देशातल्या एकूण आत्महत्यांपैकी ६.८ टक्के ‘अमली पदार्थ आणि दारूचे व्यसन’ या कारणाखाली नोंदल्या गेल्या. पोलिसी नोंदीत एका मृत्यूला एकच कारण मिळते, त्यामुळे ‘कौटुंबिक प्रश्न’ आणि ‘आजारपण’ या मोठ्या रकान्यांत दारूचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही. पण दारूचे व्यसन आणि नैराश्य एकत्र आले, की जिवाचा धोका प्रत्येकाच्या सुट्या धोक्यापेक्षा वाढतो, याबद्दल मनोविकारतज्ज्ञांमध्ये दुमत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात थांबण्याच्या नियमाला अपवाद हवेत. जीव द्यावासा वाटतो असे जो सांगतो, ज्याने पूर्वी तसा प्रयत्न केला आहे, किंवा ज्याला दारूच्या आधीपासून नैराश्याचे झटके येत होते, त्याच्यासाठी चार आठवड्यांची वाट पाहायची नसते.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत जोरकस आक्षेप रुग्णांकडूनच येतो: दारू सोडायची आणि गोळी धरायची, मग मुक्ती ती कसली? या भीतीत अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि धास्तीच्या गोळ्या मेंदूत दारूच्याच यंत्रणेवर काम करतात आणि त्यांची सवय लागते. विथड्रॉवलच्या काळात देखरेखीखाली त्या लागतात. पण औषधाच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या अशा गोळ्या म्हणजे बाटलीची जागा पट्टीने घेणेच होय. नैराश्यावरची औषधे या जातीची नाहीत. त्यांनी नशा चढत नाही, मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. बंद करताना ती हळूहळू कमी करावी लागतात, इतकेच. त्यांचा उपयोग किती, याचे उत्तरही मोजून मिळाले आहे. एडवर्ड न्यून्स आणि फ्रान्सिस लेव्हिन यांनी २००४मध्ये नैराश्य आणि व्यसन एकत्र असलेल्या ८४८ रुग्णांवरच्या १४ चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला. गुण आला, पण माफक. आणि किमान आठवडाभर व्यसन बंद असताना ज्यांचे निदान झाले होते, त्यांना अधिक आला. औषधासोबत व्यसनाचा उपचारही चालूच हवा, हा त्यांचा निष्कर्ष होता. हेलन पेटिनाटी यांच्या २०१०च्या चाचणीने ते ठसठशीत दाखवले. १७० रुग्णांपैकी ज्यांना नैराश्यावरचे सर्ट्रालीन आणि दारूची ओढ कमी करणारे नॅल्ट्रेक्झोन ही दोन्ही औषधे मिळाली, त्यांतले ५३.७ टक्के चौदा आठवड्यांत दारूपासून पूर्ण दूर राहिले. एकेकटे औषध किंवा नुसती साखरेची गोळी मिळालेल्या गटांत हे प्रमाण २१ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान होते. एका आजारावर औषध दिले म्हणून दुसरा बरा होत नाही. दोन्हींवर एकाच वेळी द्यावे लागते. याच संदर्भात आपल्याकडच्या एका घातक रिवाजाचा उल्लेख करायला हवा. डायसल्फिराम हे दारूशी रिअॅक्शन होणारे औषध काही घरांत नवऱ्याच्या चहात किंवा आमटीत न सांगता घातले जाते. त्यावर दारू प्यायली गेली तर जीव धोक्यात येऊ शकतो, काही रुग्णांत त्याने मानसिक लक्षणेही बिघडतात, आणि ज्या विश्वासावर पुढची सारी वर्षे उभी राहायची तोच आधी मोडतो.

दुसरा आक्षेप अल्कोहोलिक्स अनॉनिमससारख्या स्वमदत गटांच्या बाजूने येतो: बारा पायऱ्या नीट चालल्या, मीटिंग चुकवली नाही, तर नैराश्य राहतेच कसे? गटांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांतल्या १०,५६५ लोकांची माहिती एकत्र केली गेली. वर्षाअखेर पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण बारा पायऱ्यांच्या मार्गाने ४२ टक्के, तर इतर मानसोपचारांनी ३५ टक्के निघाले. दारू बंद ठेवण्यासाठी याच्याइतके स्वस्त आणि परिणामकारक साधन दुसरे क्वचितच असेल. पण दारू बंद राहणे आणि मन बरे होणे यांतले अंतर या चळवळीच्या संस्थापकाच्याच आयुष्यात लख्ख दिसते. बिल विल्सन यांनी डिसेंबर १९३४मध्ये दारू सोडली आणि पुढच्या वर्षी अॅक्रन या गावी डॉ. बॉब स्मिथ यांच्याबरोबर अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा पाया घातला. दारू सुटून दहा वर्षे होत आली असताना, १९४४च्या सुमारास, त्यांना तीव्र नैराश्याने गाठले आणि ते अधूनमधून सुमारे अकरा वर्षे टिकले. पायऱ्या ज्यांनी लिहिल्या त्यांच्याकडून त्या नीट चालल्या गेल्या नाहीत, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. विल्सन स्वतः मनोविकारतज्ज्ञांकडे गेले, तेही डॉ. हॅरी टीबाउट आणि डॉ. फ्रान्सिस वीक्स अशा दोघांकडे. यावरून संघटनेतल्या काहींनी नाके मुरडली. १९५८मध्ये त्यांनी संघटनेच्या ‘ग्रेपव्हाइन’ मासिकात लिहिले, की दारूपासून मुक्ती मिळाल्यावरचा पुढचा टप्पा भावनांच्या मुक्तीचा आहे. माणसांवर, परिस्थितीवर आणि कौतुकावर असलेले आपले टोकाचे अवलंबित्व त्यांना आपल्या नैराश्याचे मूळ वाटले होते. सदस्यांनी एकमेकांचे डॉक्टर बनू नये, मानसिक आजारावरची औषधे कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत, अशी पुस्तिका आज ही संघटनाच छापते. मीटिंगमध्ये ‘गोळ्या घेतोस म्हणजे तू अजून क्लीन नाहीस’ असे ऐकवणारा ज्येष्ठ सदस्य आपल्याच संघटनेच्या धोरणाविरुद्ध बोलत असतो.

तिसरा आक्षेप कुटुंबांचा आणि तो बरीच फसवणूक सोसलेल्यांचा, म्हणून आदराने घ्यायला हवा: डिप्रेशनचे नाव मिळाले की याला पिण्याला नवे निमित्त मिळेल. आयुष्यभर निमित्तेच ऐकलेल्या माणसाची ही शंका रास्त आहे. पण तर्क तपासला तर तो उलटा जातो. निमित्त नेहमी संदिग्ध गोष्टीचे होते: टेन्शन होते, मूड नव्हता, कोणी समजून घेत नाही. आजाराचे नाव घेतले की त्यासोबत तपासणी येते, औषधाची वेळ येते, पुढची तारीख येते, म्हणजे जबाबदारीच येते. मधुमेह्याला मधुमेह आहे म्हणून जिलेबी खाण्याची मुभा मिळत नाही, उलट पथ्य कडक होते. नैराश्याचे निदान झालेल्या रुग्णाचेही तसेच. शिवाय कुटुंबाला हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण घरातल्या बाकीच्यांचे मनही तितकेच दुखावलेले असते. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१मध्ये नातेवाइकांसाठी अल-अनॉनची वेगळी चळवळ उभारली ती याच जाणिवेतून. पत्नीचे नैराश्य आणि मुलांची धास्ती हे त्याच्या दारूमुक्तीचे बक्षीस म्हणून आपोआप विरघळत नाहीत. त्यांनाही स्वतःचा समुपदेशक लागतो.

उरला शेवटचा आक्षेप, आणि सरकारी यंत्रणेत काम करणारे तो हमखास घेतात: इतके मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? याचे उत्तर शेजारच्या गोव्यातून मिळाले आहे. विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि ‘संगाथ’ संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन चाचण्या जोडीने प्रसिद्ध केल्या. दोन्हींत उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसणारे, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. नैराश्याच्या चाचणीत ४९५ रुग्ण होते. सहा ते आठ भेटींनंतर, तीन महिन्यांनी, ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होते. दारूच्या चाचणीत ३७७ पुरुष होते. ३६ टक्क्यांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले, इतरांत २६ टक्क्यांचे. दारूची ही चाचणी अपायकारक पिणाऱ्यांवर होती, पूर्ण व्यसनाधीन झालेल्यांवर नव्हे, हे ध्यानात ठेवूनच तिचा आधार घ्यायला हवा. तरी मुख्य धडा कायम राहतो: मनाची बरीच कामे शिकवलेला साधा माणूस करू शकतो. यातल्या नैराश्याच्या भेटीत काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. समुपदेशक उपदेश करत नाही. रुग्णाने गेल्या आठवड्यात रोज काय केले आणि त्या वेळी मन कसे होते, याची नोंद दोघे मिळून पाहतात. कधी मन थोडे वर आले होते, कशाने खाली गेले, हे त्यातून सापडते. मग पुढच्या आठवड्यासाठी एखाद-दोन लहान कामे ठरतात: सकाळी बाजारापर्यंत चालत जायचे, टाळत आलेल्या बहिणीला फोन करायचा, संध्याकाळचा सात ते नऊ हा घातक वेळ घराबाहेर पण गुत्त्यापासून दूर काढायचा. मन बरे झाल्यावर कामे करू, ही नैराश्याची समजूत यात उलटवलेली असते. आधी काम, मग मनाची पाळी. विचारांवर काम करायची साधनेही मराठीला परकी नाहीत. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली आणि ठाण्याच्या ‘आयपीएच’सारख्या संस्थांनी तिचा प्रसार केला. ‘मी सगळ्यांचे वाटोळे केले, म्हणून मला सुखी होण्याचा अधिकार नाही’ हा व्यसनमुक्त माणसाचा ठरलेला विचार तपासायला या पद्धतीइतकी हत्यारे दुसरीकडे क्वचित मिळतील.

तेव्हा अडसर ज्ञानाचा नाही, मांडणीचा आहे. केंद्राच्या पातळीवर व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय खाते पाहते आणि मनोरुग्णालये व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आरोग्य खाते पाहते. रुग्ण एक, फाइली दोन. व्यसनमुक्ती केंद्र म्हणते, नैराश्य आहे तर मानसोपचारवाल्यांकडे जा. तिकडे कळते, आधी दारू सोडून या. कायद्याने मात्र ही भिंत केव्हाच पाडली आहे: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येतच धरतो आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावे असे बजावतो. महाराष्ट्राला तर यासाठी बाहेर पाहण्याचीही गरज नाही. पुण्याचे ‘मुक्तांगण’ २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते उभारणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि अनिल अवचट त्यांच्या सोबत होते. मराठी समाजाला सर्वांत परिचित असलेले व्यसनमुक्तीचे काम अशा रीतीने मनोरुग्णालयाच्या कुंपणाआतच जन्मले. व्यसन आणि मन यांना एकत्र पाहण्याची दृष्टी इथे पहिल्या दिवसापासून होती. ती महिना-सव्वा महिन्याच्या मुक्कामापुरती न राहता नंतरच्या वर्षांच्या फॉलोअपमध्ये प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक तालुक्यात उतरायला हवी.

त्यासाठी लागणारा बदल मोठा नाही. फॉलोअपला आलेल्या माणसाचे रक्तदाब आणि वजन घेतले जाते, तशी नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ ही यादीही भरून घ्यावी. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप कशी होती, भूक कशी होती, स्वतःबद्दल वाईट वाटते का, अशी तिची विचारणा असते; गुण शून्य ते सत्तावीस; दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी हवी, आणि जीव नकोसा वाटण्याबद्दलच्या नवव्या प्रश्नाला होकार आला, तर एकूण गुण कितीही असोत, त्या माणसाशी त्याच दिवशी बोलायला हवे. पहिल्या वर्षी दर महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी आणि पाच वर्षांनंतरही वर्षातून एकदा एवढे केले तरी पुष्कळ आजार वेळेत हाती लागेल. किती दिवस झाले, हे जरूर विचारावे. त्याच्या जोडीला झोप लागते का, मन कशात लागते का, हेही विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यायला थांबावे. वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतः या वाटेवर असेल, किंवा घरात कोणी असेल आणि दारू सुटून महिना उलटल्यावरही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सावरत नसेल, तर ते कृतघ्नपणाचे किंवा कमकुवतपणाचे लक्षण नाही, उपचार होणारा आजार आहे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते; व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. दोन्ही क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवा आणि गरज वाटली तर पुन्हा दारूची वेळ येण्याची वाट न पाहता फोन करा.